पहिलं पान उजवीकडे

वैदेहीने मासिकाच्या जुन्या अंकांचा बांधीव खंड उघडला. पहिलं पानच नव्हतं. शिवणीत ब्लेडने कापलेली बारीक कड तेवढी उरली होती.

'सदा-ए-करघा', म्हणजे मागाचा आवाज. सोलापुरात १९७१पासून चार वर्षं निघालेलं हे उर्दू मासिक आता एकाच घरात शिल्लक होतं, संपादक बंदेनवाज नदाफ यांच्या लेकीकडे, जुलेखाआपांकडे. कॉलेजात इतिहास शिकवणारी वैदेही त्याचा इतिहास लिहीत होती. संपादकांसोबत मासिकात आणखी कोण होतं ते फक्त त्या पानावर छापलेलं. तिला उर्दू येत नसल्याने आज एक जाणकार ते वाचून देणार होते. काल पान जागेवर होतं, आणि या विदुषीबाईंनी मोबाइलवर त्याचा साधा फोटोही काढला नव्हता.

ओसरीवर बसू बाइंडर जुने अंक शिवत होता. त्याच्याजवळ ब्लेड होतं. तिने त्यालाच धरलं.

"बसूअण्णा, काल खंडाजवळ एकटे कधी होता?"

"सकाळी. तुमी यायच्या आदी."

"आणि संध्याकाळी?"

"खळ आणाय गेलतो की. तुमचे बाबा बसलेते हितं."

बरोबर. वेणीमाधव, तिचे वडील, निवृत्त मराठी शिक्षक, तिला न्यायला आले होते. 'मला यातलं अक्षर कळत नाही बुवा,' म्हणून हसले होते. ती नि आपा आत चहा करत होत्या.

"पान तुम्ही कापलंत?"

बसूने सुई खाली ठेवली. "मी पानं शिवतो, बाई. कापत न्हाय."

"बसू नै करता ऐसा काम," आपा म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

"आज खंड कसा ठेवलेला होता?"

"सरळ. नावाची बाजू वर. मला अक्षर कुटं कळतंय, मी मराठी पुस्तकासारखा ठेवतो. मग आपा वरडत्यात, उलटा ठेवला म्हणून. आज वरडल्या न्हाईत."

"आपा, तुम्ही सरळ केलात?"

"कल सुबे से हात नै लगाई मैं."

वैदेहीही तो नेहमी उलटाच ठेवायची. तिचा चेहरा उतरला. तिने घरी फोन लावला.

वेणीमाधव आले ते तिच्याकडे न बघताच बसले.

"उर्दू पुस्तक उजवीकडून सुरू होतं. उर्दू न येणारा ते मराठीसारखं डावीकडून उघडतो," वैदेही म्हणाली. "त्याच्या हाती शेवटचं पान आलं असतं. चोराने नेमकं पहिलं कापलं. मग खंड मिटून नावाची बाजू वर ठेवली, हाताला सवय होती म्हणून. बसूअण्णा तसा ठेवत नाहीत, मीही नाही. आपा माझ्यासोबत आत होत्या. बाबा, तुम्हाला उर्दू येते."

त्यांनी झब्ब्याच्या खिशातून त्या पानाची घडी काढून उलगडली. बोट उजवीकडून डावीकडे फिरलं. "नायब मुदीर, म्हणजे उपसंपादक. वेणीमाधव."

"का लपवलंत?"

"सांगोल्याहून शिकायला आलो तेव्हा बंदेनवाजभाईंनी घरात जागा दिली, लिपी शिकवली. पुढे एका कवितेवर तक्रार झाली, भडकाऊ आहे म्हणून. खरं तर कविता होती साध्या हातमागावर. चौकशीत भाई म्हणाले, वेणीला विचारा, त्याने वाचलीय. मी नुकता नोकरीला लागलो होतो. म्हणालो, मला उर्दू येत नाही."

"मग?"

"मासिक बंद पडलं. हे पान वाचलं गेलं असतं तर तुला कळलं असतं, तुझा बाप कसा आहे ते."

वैदेहीला वडिलांची लाज वाटली, आणि त्याहून स्वतःची. ब्लेड दिसलं की तिने पहिला बसूच गाठला होता. "चुकलं माझं, बसूअण्णा," ती म्हणाली. त्याने सुईत दोरा ओवला.

"जुलेखा, कोणत्या तोंडाने माफी मागू?" वेणीमाधव म्हणाले.

"मेरेकू मालूम था, वेणीभाई."

"कालपासून?"

"बचपन से. अब्बा घर में सबकू बोले थे, कोई पूछा तो बोलना, वेणीकू उर्दू नै आती. उसकी नौकरी है. मरते दम तक वैच बोले. मैं भी."

वेणीमाधवांना वर बघवेना. त्यांनी पान शिवायला बसूकडे दिलं. बसूने ते उलटं धरलं. सगळ्यांसमोर वेणीमाधवांनी ते त्याच्या हातात सुलटं करून दिलं.