उघडे डोळे

"तात्या, उद्या माझ्या भावाचा हात कापणार हो!" एक बाई धावतच उंबऱ्यात आली.

खाजगी तपास करणाऱ्या तात्यांनी तिला बसवलं. त्यांचे जोडीदार मास्तर वही घेऊन सरसावले.

भावाला नशेची सुई टोचायची सवय. काल दुपारी तो तिच्याच माडीवर बेशुद्ध सापडला. उजवा हात काही दिवसांपासूनच काळा पडून सडत चाललेला.

"सुई तर तो डाव्या हाताला टोचतो! डॉक्टर म्हणतात, पुडीत भेसळ आहे. कसली ते कळलं तरच हात वाचवायचा प्रयत्न करता येईल."

"सापडला तेव्हा आणखी काय दिसलं?"

"डोळे सताड उघडे. तेलकट. मीच पुसले."

काल माडीवर दोघेच गेले होते. भावाचा रंगारी मित्र आणि तिचा नवरा.

"पुडी मीच दिली," दोघे घरी गेले तेव्हा रंगारी म्हणाला. "पण त्यानं टोचायच्या आधी निघालो. मीही त्याच पुड्या घेतो." त्यानं पायजमा वर केला. नडगीवर तसाच काळा व्रण होता.

"हाच तो!" मास्तर बाहेर येऊन कुजबुजले.

"स्वतःच्या पायावर कोण धोंडा पाडून घेईल, मास्तर?"

नवरा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. टेबलावर भूल दिलेला कुत्रा डोळे उघडे ठेवून पडला होता. बोलता बोलता त्यानं कुत्र्याच्या डोळ्यांत मलम पिळलं.

"मलम कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"या भुलीत पापणी मिटत नाही. बुबुळ सुकतं. हाताला सवयच लागलीय. मेहुणा ना? मी गेलो तेव्हा चांगला जागा होता. बोललो, खाली आलो."

संध्याकाळी रुग्णालयात तात्यांनी त्याला बायकोसमोर उभं केलं.

"बेशुद्ध माणूस दिसला की कुणीही पाणी मारेल, आरडाओरडा करेल. मेहुण्याचे डोळे तेलकट होते, म्हणजे तुम्ही त्यांत मलम घातलंत. जाग्या माणसाला ते कशाला? म्हणजे तो बेशुद्ध होता, आणि भूल कोणती हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्याच दवाखान्यातली!"

नवऱ्याचा चेहरा पडला. "पुड्या विकणाऱ्याला भेसळीसाठी भुलीच्या बाटल्या द्यायचो. आपल्याच माडीवर येतील असं वाटलं नव्हतं गं! घाबरून पळालो, पण त्याचे डोळे..."

"आधी डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा!" ती किंचाळली.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "या भुलीनं सुई न टोचलेली कातडीही सडते. कापायची घाई नको. मेलेली कातडी काढू, रोज पट्टी बदलू. महिने लागतील. पुन्हा सुई नको, एवढं सांभाळा."

"पट्ट्या मी बदलतो," नवरा पुटपुटला. "माझ्या हाताला सवय आहे."

"बाटल्या द्यायचीही त्याच हाताला सवय आहे. तीच तर भीती आहे," ती म्हणाली आणि भावाच्या खोलीचं दार अडवून उभी राहिली.