मोज्याचं घुंगरू

मी घरीच शाळेचे गणवेश शिवते. एकदा मशीनवर बसले की मान वर करायला फुरसत नसते, आणि आमचा ढमू नुकताच रांगायला लागलेला. त्याच्यामागे धावू की कॉलरी जोडू? म्हणून मी त्याच्या मोज्याला एक घुंगरू शिवून टाकलं. ते वाजतंय तोवर माझं काम चालू. थांबलं की मी हाक मारायची, "कुठेय रे माझं सोनं?" मग तो खिदळायचा आणि घुंगरू पुन्हा सुरू व्हायचं. आमचे हे म्हणायचे, "मलाही एक शिव, म्हणजे मी कुठे भटकतो ते कळेल तुला."

घर आम्ही नवीनच भाड्याने घेतलं होतं, वरच्या मजल्यावर. खोल्या हवेशीर, पण जिना सरळसोट आणि वर अडसर काहीच नाही. "या रविवारी फाटक बसवतो," असं हे दर रविवारी म्हणायचे.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. थोरली, जिला आम्ही आतापासूनच ताई म्हणतो, कोपऱ्यात खेळण्यातली भांडी मांडून बसली होती. गणवेश संध्याकाळी पोचवायचे होते, त्यामुळे माझी नुसती धांदल. पाठीमागे घुंगरू वाजत होतं. पलंगाखाली, दाराशी, मग माझ्या पायाशी. पायाशी आलं तेव्हा जरा गार वाटलं, पण मी खाली पाहिलं नाही.

एकाएकी ते जोरजोरात वाजायला लागलं. बाहेर, जिन्याकडे. कोणीतरी मुद्दाम पाय आपटत असावं तसं. हातातलं टाकून मी धावले.

ढमू पहिल्या पायरीवरून पुढे झुकला होता, दोन्ही हात हवेत. आणि तरी पडत नव्हता. त्याचा सदरा मागून ताणलेला होता, कोणीतरी मुठीत धरल्यासारखा... मी त्याला उचलून छातीशी घेतलं, तेव्हा कुठे तो सदरा सैल पडला.

मग माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. पाय उघडे होते. मोजे मीच धुऊन खिडकीतल्या दोरीवर टाकले होते, घुंगरासकट. ते अजून तिथेच टपकत होते.

ताई दारात उभी होती.

"तू धरलंस का गं त्याला?"

"मी नाही. तिने धरलं."

"कोणी...?"

"तिने. पडलं की खूप लागतं म्हणाली."

ह्यांना सांगितलं, तेव्हा हे हसले नाहीत. तडक जाऊन फाटक घेऊन आले. भिंतीत भोकं पाडायला बसले आणि थांबले. "इथे आधीचीच भोकं आहेत गं. बुजवलेली." आमच्याआधीही इथे कोणीतरी फाटक लावलं होतं. कोणी पडायच्या आधी की नंतर, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

फाटक बसवून हे गणवेश पोचवायला गेले. ढमू माझ्या मांडीवर झोपला होता. दिवेलागण झाली आणि घुंगरू वाजलं. फाटकाच्या पलीकडे, जिन्यात. मग फाटक हळूच हललं. आत यायचं असलं की लेकरं दार ढकलतात ना, तसं.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण जिच्यामुळे माझं पोर वाचलं, तिलाच मी दाराबाहेर ठेवलं होतं. ते मला सहन होईना. ढमूला खांद्यावर टाकून मी कडी काढली.

"ये गं बाळा... आत ये."

घुंगरू माझ्या पायांजवळून आत गेलं. मी कडी लावली आणि मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात खाली जिन्यात पाऊल वाजलं. मग आणखी एक. मोठ्या माणसाची पावलं, दमलेली. फाटकाशी येऊन थांबली. पलीकडे कोणीच दिसत नव्हतं.

"कुठेय गं माझं सोनं...?"

आवाज बाईचा होता, थेट मी मारते तशी हाक. ही हाक ऐकली की ढमू खिदळतो. पण माझ्यामागचं घुंगरू एकदम गप्प झालं, आणि माझा गाऊन मागून एका इवल्याशा मुठीने घट्ट धरला.