पूर्व वॉर्डचं पाणी

सरकारी काम घ्यायचं तर आधी चहा प्यायला शिकावं लागतं. वार्सिनी ते केव्हाच शिकली होती. इस्पितळाचे व्यवस्थापक सुतेजोसाहेब यांच्या खोलीत, झाकणाच्या पेल्यातला मोगऱ्याच्या वासाचा गोडमिट्ट चहा पिऊन तिने आग विझवायच्या हायड्रंटच्या आणि पाण्याच्या लाइनच्या दुरुस्तीचा ठेका घेतला. लावू नावाच्या डोंगराच्या उतारावरचं हे क्षयरोग्यांचं इस्पितळ डचांनी बांधलेलं, आणि जमिनीखालचे नळही त्यांनीच पुरलेले.

"आधीचे दोन ठेकेदार अर्ध्यावर सोडून गेले," साहेब म्हणाले.

"का बरं?"

"एकाला इथली थंडी सोसेना, दुसऱ्याला बायकोचा विरह." साहेब आपल्याच विनोदावर हसले आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही कार्सोनोच्या कन्या ना?"

होती, आणि म्हणूनच तर आली होती. पूर्वी इस्पितळाला स्वतःचा पाणीवाला असे. तो म्हणजे तिचे बाबा. पूर्वेच्या वॉर्डला आग लागली त्या दुपारी हायड्रंट कोरडे निघाले आणि बाबा वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला धावले. धुक्यात शिरताना लोकांनी त्यांना पाहिलं, बाहेर येताना कुणीच नाही. डोंगर पालथा घातला तरी एक चप्पलही सापडली नाही. पुढे पाणीवाल्याची जागाच रद्द झाली आणि कामं ठेक्याने जाऊ लागली. गावातल्या घरी आई अजून दुपारी दार नुसतं लोटून ठेवते आणि चहाचा एक पेला जास्तीचा भरते. वार्सिनीला ठेक्यातून मिळायचं ते मिळो, तिला बाबा कुठे गेले तेवढं हवं होतं.

काम मात्र सुरळीत चाललं. गंजलेले नळ उपटून नवे घातले, हायड्रंटना लाल रंग दिला. एकामागून एक सगळे वाहू लागले, पूर्वेच्या वॉर्डचा सोडून. वरची टाकी काठोकाठ भरलेली, खाली थेंब नाही, आणि मधे कुठे चिखलही नाही. पाणी टाकीतून निघायचं आणि वाटेत कुठेतरी राहून जायचं. वॉर्ड नव्याने बांधून तयार होता, रोगी यायचे होते. पाण्याशिवाय त्यांना इथे झोपवायचं म्हणजे पुन्हा तेच.

"लाइन ऐकावी लागेल," समिजानकाका म्हणाले. तिचे हे मुकादम बाबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी लांब लोखंडी सळई नळावर टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि, इथल्या कुठल्याही उंबऱ्यावर विचारतात तसं, अदबीने विचारलं, "येऊ का?"

वार्सिनीला हसू आलं. "काका, आतून चहा येणार आहे का?"

"हस, हस. दुसऱ्याच्या घरात कान घालायचा तर विचारायला नको?" ते सळई पुसत म्हणाले, "विचारायचं आपण. आतून कुणी विचारलं तर मात्र तोंड उघडायचं नाही. पाहुणा तीनदा विचारतो आणि उत्तर आलं नाही तर निघून जातो. तुझ्या बाबांनीच शिकवलंय मला हे."

"आतून कोण विचारणार?"

"ते बाबांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यातच शहाणपण असतं, मॅडम."

दुपारी ढग खाली उतरला. सुरूची झाडं आधी पुसट झाली, मग गेलीच. समिजानकाका वरचा व्हॉल्व्ह बघायला चढून गेले आणि त्यांच्या खोकल्याचा आवाजही थोड्या वेळाने धुक्यात विरला. वार्सिनी पूर्वेच्या वॉर्डसमोर गवतात गुडघे टेकून बसली. गवत कोमट होतं. एवढ्या थंडीत ते कोमट कसं, हे तिच्या मनात आलं आणि निघूनही गेलं. तिला छान गुंगी आल्यासारखं वाटत होतं, लहानपणी तापात आईच्या मांडीवर वाटायचं तसं.

तिने सळई कानाला लावली. काकांना हसली होती, पण विचारलं तिनेही.

"येऊ का?"

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग फार लांबून, भरलेल्या घरातली कुजबुज असावी तसा आवाज आला. भांडं सरकल्याचा आवाज. कुणीतरी चपला काढल्या.

"येऊ का?" आतून कुणी म्हणालं.

बाबा! शेवटचं अक्षर जरा लांबवायची तीच सवय, आवाजात तीच लवंगी विडीची खरखर.

तिला काकांचं बोलणं आठवलं. तिने ओठ घट्ट मिटले.

"येऊ का?"

आता आवाज जवळ आला होता. थकलेला होता. इतकी वर्षं चालून दाराशी पोचलेल्या माणसाचा असावा तसा.

डोळे भरून आले. आता एकदाच विचारतील आणि निघून जातील. पुन्हा कधीच येणार नाहीत.

"येऊ का?"

"या, बाबा," ती म्हणाली. "या ना."

सळई कानाशी थरथरली. हायड्रंट गुरगुरला, त्याने एक लांब उसासा टाकला आणि पाणी उसळलं. लालसर, मग स्वच्छ, माणसाच्या कमरेएवढ्या जाडीचं. वार्सिनी भिजून चिंब झाली, रडत होती आणि हसतही होती.

समिजानकाका धावत खाली आले. पाण्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना.

"व्हॉल्व्ह उघडला वाटतं," ती म्हणाली.

"गंजून बसलाय. हललासुद्धा नाही." ते तिच्याकडे बघत राहिले. "पोरी, बोललीस का कुणाशी?"

"छे!"

त्यांनी सळई उचलली, गवतात पुसली आणि तिच्याकडे न बघता चालू लागले.

ती गावात पोचली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. दार सताड उघडं होतं. आई चुलीपाशी उभी होती, हातात चमचा तसाच.

"आई, ऐक ना—"

"हळू बोल. पाहुणे आलेत," आई म्हणाली. "पुढच्या खोलीत जाऊ नकोस. मागच्या दाराने चल."

"कोण पाहुणे?"

"दारात थांबले, पण विचारलं नाही. म्हणाले, तुमच्या लेकीने या म्हटलंय."

वार्सिनीच्या अंगावर आनंदाचा काटा आला. "अगं, बाबा आहेत ते! मी आवाज ऐकला. तीनदा विचारलं, येऊ का, येऊ का. मग मी कशी गप्प बसू?"

आईने तिचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"आवाज त्यांचाच आहे," ती कुजबुजली. "मी चहासुद्धा नेऊन ठेवला. पण इतकी वर्षं संसार केला गं मी. तुझे बाबा चिखलाच्या पायांनी सरळ आत यायचे, मी ओरडायची. आपल्या माणसांना त्यांनी जन्मात कधी विचारलं का, येऊ का म्हणून?"

पुढच्या खोलीत कुणीतरी पेल्यावरचं झाकण हळूच काढलं आणि बशीत ठेवलं.