दीड मिनिटाची हवा

मास्तरांची गाडी गॅरेजात येऊन चौथा दिवस उजाडला आणि मालकीणबाईंना तिच्याकडे बघायचाही वीट आला. दुखणं एवढुसं. थंड इंजिन चालू केलं की एक पंप दीड मिनिट धुराच्या नळीत ताजी हवा फुंकतो, धूर नीट जळावा म्हणून. या गाडीतला फुंकतच नव्हता. तपासायचं तर इंजिन पुरतं निवायला हवं, म्हणजे दिवसातून एकदाच, सकाळी आठला. बाईंच्या मुलाने फ्यूज बदलला, मग पंपाला वीज सोडणारा रिले. काल गंजलेला पंप काढून नवा बसवला होता. बाईंनी त्याला ऐकवलं होतं की दुसरीत शाळा सोडलेल्या आईचं शिलाई मशीन तरी तिचं ऐकतं, तू एवढा शिकून काय दिवे लावलेस?

वरच्या खोलीत नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला. त्याची उस्तवार करून बाई अर्ध्या झाल्या होत्या.

आज मुलाने किल्ली फिरवली आणि पंप घूं घूं करत सुरू झाला. बाई हुश्श म्हणणार, तोच मुलाचा चेहरा पडला. पंपाची वायर त्याने जोडलीच नव्हती. ती बाजूला लोंबत होती.

हवा ओढायच्या तोंडावर त्याने फडकं धरलं. ते हललंही नाही. मग धुराकडे जाणारा पाईप त्याने सोडवला. बाईंनी पुढे हात धरला. हवा कोमट होती, ओलसर होती. तिला निलगिरीचा वास होता. पहाटे नवऱ्याच्या छातीला त्यांनी तेच तेल चोळलं होतं.

गुडघे धरत त्या जिना चढल्या. नवरा उठून बसला होता. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, छाती जागच्या जागी. खाली पंप थांबला, तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला.

"आत्ता कुणीतरी दम काढून नेत होतं गं," तो म्हणाला.

खाली येऊन बाईंनी मुलाला एवढंच बजावलं, की इंजिन बंद करायचं नाही, निवू द्यायचं नाही. मुलाने मान डोलावली. आईला जागरणं झेपत नाहीत, असं त्याला वाटलं असावं. दुपारी नवऱ्याच्या उशाशी त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगण रिकामं होतं.

"मास्तर आले तेव्हा डॅशबोर्डवरचा दिवा विझला होता आई, स्कॅनरवर एकही दोष नव्हता. कशाच्या जिवावर अडवून ठेवू?"

बाईंनी मास्तरांना फोन लावला. गाडी चालूच ठेवा म्हणाल्या. मास्तर हसले. गाडी केव्हाच दारात लावून झाली होती, आणि उभ्या गाडीत पेट्रोल जाळायला ते काही खुळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बाई नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या.

आठ वाजले.

हाताखालची हालचाल थांबली.

बाईंनी दुसऱ्या हाताने फोन लावला. मास्तर खुशीत होते.

"पंप झकास चालतोय, बाई. फक्त दीड मिनिट होऊन गेलं तरी थांबत नाही."

"किल्ली काढा, मास्तर."

"मघाशीच काढली. हातातच आहे."