ऑर्गनच्या पोटातला आवाज

"प्रभू, आता तूच काहीतरी बोल!" रिकाम्या चर्चमध्ये ती वैतागून म्हणाली आणि तिने ऑर्गनची पट्टी जोरात दाबली.

"अहो, हात काढा! माझं डोकं आत आहे!"

तिने झटकन हात काढला. प्रभू बोलतो ही तिची श्रद्धा होती, पण इतक्या तातडीने आणि इतका ओरडून बोलेल असं काही तिला वाटलं नव्हतं. मग त्या भिंतीएवढ्या ऑर्गनच्या बाजूचं छोटं दार उघडलं आणि केसांत जळमटं माळलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला एक तरुण बाहेर आला. पाळकसाहेबांनी ऑर्गन दुरुस्तीला बोलावलेला! रविवारच्या उपासनेत ऑर्गन वाजवायची ती, पण तिलाच कुणी सांगितलं नव्हतं.

"काय बोलायला सांगत होतात देवाला?" त्याने विचारलं.

"ते आमचं खासगी आहे," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

खासगी होतंच. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः धावपळ करून, दोन्ही घरांना गळ घालून आपलं लग्न जवळजवळ जमवलं होतं. ते फिसकटलं आणि हसं झालं ते तिचंच. तेव्हापासून तिने देवाला सांगून टाकलं होतं... या बाबतीत मी तोंडातून ब्रसुद्धा काढणार नाही. तुझी तजवीज तुला माहीत!

"माझ्या काकांची कंबर धरलीये," तो म्हणाला. "एरवी मी आत शिरलो की बाहेर पट्ट्या तेच दाबतात, आता कुणी नाही. एकट्याने होणारं काम नाही हे. तुम्हाला जमेल का... जरा?"

चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. दुपारी एक ते तीन दुकान बंद. "जमेल," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

असं ते मंगळवारी सुरू झालं. तो आत, सूर काढणाऱ्या नळ्यांच्या जंगलात, ती बाहेर पट्ट्यांपाशी. "काळी चार... धरून ठेवा," आतून हुकूम यायचा. नळीचा आवाज आधी थरथरायचा, मग तो हळूच काहीतरी ठोकायचा आणि सूर स्वच्छ व्हायचा. मध्ये लाकडाची फळी. तोंडं दिसत नसली की माणसं जरा जास्तच मोकळी बोलतात.

"तुमचा नंबर वाढलाय हं," ती म्हणाली. "काल आमच्या मावशीला पाळकसाहेब समजून नमस्कार केलात."

"अंधारात होत्या त्या!"

"दारात उन्हात उभी होती. हातात झाडू होता."

आतून तो इतका हसला की दोन नळ्या खणखणल्या. तिला ते हसणं आवडलं. गुरुवारपर्यंत तिला तो अख्खाच आवडायला लागला होता.

पण शनिवारी चारच्या बसने तो पुढच्या गावी जाणार होता.

"बोल की त्याच्याशी," मावशी म्हणाली. चर्चची झाडलोट मावशीकडे होती, त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"प्रभूची इच्छा असेल तर तोच बोलेल."

"अगं, तोंड उघडायला घाबरतेस आणि त्याला श्रद्धा म्हणतेस होय?"

हे तिला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

शनिवारी दुपारी आतून पुन्हा हुकूम आला. "काळी चार... धरून ठेवा."

तिने धरली. सूर कसा लख्ख! कालही तसाच होता. तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, हा सूर तर बुधवारीच लागला होता."

आत हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हो," तो म्हणाला. "बुधवारीच."

"मग रोज काय चाललंय हे?"

"मी... प्रार्थना केली होती. काम संपायच्या आत तुमच्या मनातलं कळू दे, अशी. काम गुरुवारी संपलं. कळलं काहीच नाही. म्हणून मग..."

"म्हणून देवाला मुदत वाढवून दिलीत?"

"दोनदा."

ती खुदकन हसली. फळीच्या अलीकडे एक भाविक, पलीकडे एक भाविक. दोघांनीही पहिला शब्द देवावर ढकललेला! देव बिचारा किती फळ्या हलवणार? पुन्हा हसं होईल, मन म्हणालं. झालं तर झालं! मागच्या खेपेला झालं, तेव्हा सगळे पांगले, पण प्रभू काही तिला सोडून गेला नव्हता. आताही जाणार नव्हता.

"मला तुम्ही आवडता!" ती म्हणाली. फळी जाड होती, म्हणून चांगलं मोठ्याने म्हणाली. "कळलं आता मनातलं?"

आत धाडकन काहीतरी आदळलं.

"डोकं का?"

"असू दे... पुन्हा एकदा म्हणा ना."

"बाहेर या आधी. आता तोंड बघून म्हणेन."

तो बाहेर आला. चष्मा हातात, कपाळावर टेंगूळ. तिने पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी हळू. तो काहीतरी छान बोलायला गेला, पण त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "सोमवारी आईला घेऊन येतो. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला आणि त्याने तो धरला.

"प्रार्थना करू या?"

"तुम्ही करा."

"नको, तुम्ही."

शेवटी दोघांनी एकदमच सुरुवात केली. मागायचं असं काही सुचेना, म्हणून नुसतेच आभार मानले.