सातव्या मडक्याचं वजन

आई गेल्यानंतर नवव्या दिवशी, एका शुक्रवारी, मी कामावर रुजू झाले. संग्रहालयाच्या तळघरातलं भांडार तीस वर्षं तिच्या ताब्यात होतं. शेवटची सहा वर्षं मी तिच्या हाताखाली. आता किल्ल्या माझ्याकडे होत्या, आणि पुढच्या गुरुवारी बारा मडकी परत करायची होती.

मडकी डोंगरावरच्या लोकांची. त्यांच्या दफनभूमीत एकेका मृताशेजारी एकेक पुरलेलं. साठ वर्षांपूर्वी तिथे उत्खनन झालं, त्यांना न विचारता. पुढे त्यांनी ती परत मागितली, आणि मिळेपर्यंत ती कशी ठेवायची हेही तेच सांगू लागले. त्यांच्यातर्फे एक म्हातारी यायची. आई आणि मी, दोघी तिला मावशीच म्हणायचो. तिच्या सांगण्यावरून आईने लिहिलेलं कार्ड फळीवर अजून होतं : ‘तोंड खाली, चटईवर. सुलटी ठेवू नयेत.’ कारण लिहिलेलं नव्हतं. एकदा मी विचारलं, तर आई म्हणाली की मावशीने तिलाही सांगितलेलं नाही, आणि सांगायलाच हवं असंही नाही. वस्तू त्यांच्या, नियम त्यांचा.

मला ते अति वाटायचं. तोंडावर ठेवल्याने काठांचे टवके उडत होते. कारभार हाती आला त्याच दिवशी मी बाराही मडकी सुलटी केली आणि फोमच्या कड्यांवर बसवली, पुस्तकात दिलंय तशी. पॅकिंग करणारे काका म्हणाले, “तुमच्या आईच्या राज्यात बिचारी लवंडून असायची. आता शाळेत बसल्यासारखी ताठ.” मला हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

वाहतुकीच्या कागदांसाठी वजनं हवी होती. शुक्रवारी सातवं मडकं भरलं दोन किलो तीनशे सोळा ग्रॅम. जुन्या नोंदीतही तेच. सोमवारी तीनशे एकवीस. भाजलेली माती दमट हवेत पाणी ओढते, हे मला पाठ आहे. पण भांडारातल्या आर्द्रतेचा आकडा महिनाभर हललेला नव्हता, आणि बाकीची अकरा होती तेवढीच भरत होती. मी वजनकाटा तपासला. चोख होता.

मंगळवारी तीनशे तीस. आत टॉर्च मारला. रिकामं. तळाशी घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे, बस. वास मात्र येत होता, आणि तो मातीचा नव्हता. आईच्या खोलीतला होता, शेवटच्या आठवड्यातला : मलम, उकळलेलं पाणी, धुतलेल्या चादरी. त्या आठवड्यात मी घड्याळ घेऊन तिच्या उशाशी बसायचे. डॉक्टरांनी श्वास मोजायला सांगितले होते. तीन श्वास, मग मोठा खंड, मग पुन्हा तीन. त्या खंडात मी माझाही श्वास रोखून धरायचे.

बुधवारी दिवसभर मी काही ना काही निमित्त काढून भांडारात जात राहिले. काका म्हणाले, घरी जा, रडायलाही माणसाला रजा लागते. मी म्हटलं, काम आहे.

गुरुवारी सकाळी मावशी आली, सोबत तिच्या दोन सुना. तिने माझा हात नुसता धरून ठेवला. मग फळीसमोर गेली आणि थबकली.

“सुलटी कुणी केली?”

“मी.”

“कधी?”

“आई गेल्यावर. कामावर आले त्या दिवशी.”

तिने यादी पाहिली नाही. एकेक मडकं उचलायची, क्षणभर पोटाशी धरायची, पालथं करून सुनेच्या हातात द्यायची. सातवं उचललं आणि लगेच जागेवर ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

“हे आज नेता येणार नाही. माणूस गेलेल्या घरात आम्ही मडकी उघडी ठेवत नाही. एकात एकाचीच जागा असते, पोरी.”

“आत काही नाही, मावशी. मी पाहिलंय.”

“आमचा माणूस होता आत. तो आता बाहेर उभा आहे.” तिचा आवाज चढला नाही. “तुझ्या हातांनी पालथं कर. मी करून उपयोग नाही. ती माझी कुणी नव्हे.”

मी हो म्हटलं. कागदावर लिहिलं : अकरा दिली, एक पुढच्या गुरुवारी. निघताना मावशी दाराजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली, थोडं थांब म्हणून समजूत घालावी तसं.

त्या गेल्यावर मी चटई पसरली. सातवं मडकं दोन्ही हातांत घेतलं.

ते कोमट होतं.

पालथं करण्याआधी वजनकाट्यावर ठेवलं. नोंदीसाठी, एकदाच.

आकडा स्थिर होईना. चार ग्रॅम वर, चार खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा.

मग थांबला.

मी घड्याळ काढलं.

आज परत बुधवार आहे. उद्या मावशी येईल. चटई पसरलेली आहे, मडकं अजून काट्यावरच आहे. मी मोजतेय. खंड आला की मी श्वास रोखून धरते, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात कुणीतरी तो सोडतं.