बॉनेटवरची झडप

सहा वर्षांनी ताईचा फोन आला, तोही एका झडपेसाठी. "मिस्त्री आहेत का?" असं विचारलं तिने. सख्ख्या भावाला! त्यानेही मग हट्टाने "बोलतोय" एवढंच म्हटलं.

काम तसं किरकोळ होतं. दाजींची ती जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं. कोणकोणते दिवे लागतात ते बघायला त्याने आपली बॅटरी जोडली, तर किल्ली फिरवताच बॉनेटवरची झडप टक्कन उघडली आणि मिटेचना. एवढं नीट करून ठेवा, रविवारी गाडी उचलतो, असं सांगून तो गेला. दोन गॅरेजवाले येऊन हात हलवत परतले. त्या गाडीची नस न् नस ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि त्याच्याशी ताईने बोलणं टाकलं होतं.

का टाकलं होतं तेही सांगतो. दाजी त्याच गाडीतून उताराच्या रस्त्याने सरळ तळ्यात गेले, आणि त्याच्या दोनच दिवस आधी गाडीचे ब्रेक मिस्त्रीने केले होते. साखळ्या लावून गाडी वर ओढली तेव्हा ब्रेकची नळी तुटलेली निघाली. ओढताना तुटली की आधीच तुटली होती, हे काही कोणाला सांगता आलं नाही. ताईने मात्र चारचौघांत सांगून टाकलं, "माझ्या भावाने माझा नवरा मारला." मग काय व्हायचं राहिलं? दुकानाची पाटी उतरली. मिस्त्री आता पाण्याचे पंप नि शिलाई मशीन दुरुस्त करायचा, ब्रेकला सहा वर्षांत त्याने बोट लावलं नव्हतं. आई गेली तेव्हा भाऊबहीण एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून बसले होते, परक्यासारखे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताई म्हणते ते खरंच असेल, असं त्याचं त्यालाच वाटायचं. नळीचा नट आवळला होता ना? आवळला होता. की राहिला? रोज सकाळी डोळे उघडले की आधी हा प्रश्न, मग चहा.

दुपारी तीनला तो पोचला. ताई वाळून काडी झाली होती. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मागच्या शेडची किल्ली तेवढी पुढे केली.

"बॅटरी काढून ठेवलीय गिऱ्हाइकाने," ती म्हणाली. "तरी वाजते."

"काय वाजतं?"

"झडप. भांडी घासत असले की ऐकू येते. टक्... मग जरा वेळाने पुन्हा टक्."

"ऊन लागलं की पत्रा वाजतो."

"त्या गाडीला पत्रा नाही. फायबरची आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

तुम्ही! ज्याचं नाक पुसून दिलं त्याला तुम्ही. मिस्त्रीने किल्ली घेतली आणि मान खाली घालून शेडकडे निघाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र गार. नको तितकं गार. शिळ्या पेट्रोलचा वास होता, त्याच्याखाली तळ्याच्या गाळाचा, कुबट, हिरवा. सहा वर्षांत गाळ सुकून धूळ व्हायला हवा होता. गाडी दाराकडे तोंड करून उभी होती. मागे पांढरी भिंत, मधे जेमतेम हातभर जागा. त्याने ड्रायव्हरच्या सीटवर हात टेकला. गादी ओली लागली. छत गळत असेल म्हणून वर पाहिलं, तर छत धड होतं. असेल काहीतरी, म्हणून त्याने हात पँटला पुसला आणि कामाला लागला.

ही झडप म्हणजे दाजींचं भारी कौतुक. काचेच्या पुढ्यात, बॉनेटवर, हातभर लांब. एरवी स्प्रिंगने मिटलेली. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकला की पेडलमागचा एक स्विच दाबला जायचा, मग चुंबक दांडी ओढायचं, झडप उघडायची आणि इंजिनाला जादा हवा मिळायची. अर्धं पेडल दाबून उघडत नसे, पाऊण दाबूनही नाही. दाजी पाहुण्यांना मुद्दाम मोकळ्या रस्त्यावर नेऊन ती उघडून दाखवायचे आणि लहान पोरासारखे खिदळायचे.

मिस्त्रीने बॅटरी जोडून किल्ली फिरवली. टक्! झडप उघडली. फ्यूज काढला, मिटली. लावला, उघडली. म्हणजे चुंबक ठीक, दांडी ठीक. मग वायर कुठे घासली असेल म्हणून त्याने बोटांनी चाचपत ती पेडलपर्यंत नेली. घासलेली नव्हती. शेवटी स्विचचीच वायर उपटली तशी झडप मुकाट मिटली. दोष स्विचमध्येच होता. तो उताणा होऊन पेडलांखाली शिरला आणि टॉर्च दातांत धरून त्याने स्विच सोडवला.

स्विचची पितळी पट्टी पूर्ण आत दबलेली होती आणि ती आत सरकल्याने मागे पडलेल्या फटीत गाळ गच्च बसून दगड झाला होता. त्यानेच पट्टी तशी अडकवून ठेवली होती.

मिस्त्री तिथेच पडून राहिला. पट्टी बाहेर असली की मागे फट राहत नाही, गाळ शिरायला जागाच नसते. ती दाबलेली असेल तरच फट पडते. म्हणजे पाणी आत आलं तेव्हा पेडल तळाला होतं. गाडी तळ्यात शिरली, बुडली, आणि दाजींचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. ब्रेकवर नाही!

त्याला रडू आलं. मग इतका राग आला की टॉर्च दातांतून पडला.

"ताई!"

ती दाराशीच उभी होती. केव्हापासून, देव जाणे.

"हे बघ. दाजींनी ब्रेक दाबलाच नव्हता. ते... ते स्वतःहून गेले, ताई."

ताईने स्विचकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"घड्याळ काढून ठेवून गेले होते. ओट्यावर. घड्याळाशिवाय संडासातसुद्धा न जाणारा माणूस..." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी ते लपवलं. पोरीला काय सांगू, गुंड्या? तुझा बाप तुला टाकून आपल्या पायाने गेला, असं सांगू?"

"म्हणून माझ्यावर ढकललंस?"

"परक्यावर ढकललं असतं तर त्याने कोर्टात खेचलं असतं. तू आपला होतास. तू सोसशील असं वाटलं."

मिस्त्रीला हसू फुटलं. कडू हसू. "सोसलं की! दुकान गेलं, नाव गेलं. आई मरताना माझ्याकडे बघायला तयार नव्हती, तेही सोसलं. रात्र रात्र तो नट आवळत बसायचो मी, स्वप्नात. तू एक शब्द बोलली असतीस..."

"मला माफ कर."

"नाही करणार," तो म्हणाला. आणि म्हणताना सहा वर्षांत पहिल्यांदा त्याची छाती हलकी झाली. ब्रेक चांगले होते. त्याने नट आवळला होता. बहिणीपेक्षाही त्या घटकेला त्याला ते मोठं वाटलं.

त्याने बॅटरी सोडवली, उचलून शेडच्या दाराबाहेर उन्हात नेऊन ठेवली. स्विच खिशात घातला. "झालं तुझं काम. आता नाही उघडायची."

झडप उघडली.

या खेपेला टक्कन नाही. सावकाश, आतून कोणी तळवा लावून ढकलावी तशी उघडली आणि उघडीच राहिली. ताईने त्याचं मनगट धरलं. मिस्त्रीने गाडीच्या उघड्या दारातून आत वाकून पाहिलं. सीटच्या गादीत खळगा पडला होता. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तळाला टेकलेलं होतं आणि त्यावर कोणाचाही पाय नव्हता. गाळाचा वास भपकन अंगावर आला. कुठेतरी पाणी भरत असल्यासारखी बुडबुड ऐकू येत होती.

"ओरडू नकोस..." तो कुजबुजला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग पेडल सुटलं. एकदम, चटका बसून पाय उचलावा तसं. झडप मिटली. शेडमध्ये क्षणभर काहीच हललं नाही, आणि गाडीमागची पांढरी भिंत लाल झाली.

"हे काय?" ताईने विचारलं.

ब्रेकचे दिवे होते. लागले, विझले. पुन्हा लागले. बॅटरी बाहेर उन्हात होती, ताईने तिच्याकडे मान वळवून पाहिलं आणि परत भिंतीकडे पाहिलं. दिवे आता भराभर लागत होते नि विझत होते, आतून कोणीतरी जीव खाऊन पेडल मारत असल्यासारखे. प्रत्येक वेळी खालून पोकळ आवाज येत होता, पेडल गाडीच्या तळाला आपटल्याचा.

"थांबायला बघतायत रे ते," ताई म्हणाली. "शेवटी थांबायला बघत होते... मग इतक्यांदा का दाबतायत?"

लागलेला ब्रेक माणूस इतक्यांदा दाबत नाही, न लागणारा दाबतो. हे त्या शेडमध्ये एकट्या मिस्त्रीला कळत होतं. त्याची बोटं हवेतल्या हवेत नट आवळू लागली. दिवे काही थांबेनात.